डेल सोडून कोणालाही

देवदत्त टिपणीसला कुणी काही काम सांगितलं की तो आधी 'हो' म्हणायचा आणि काम काय आहे ते नंतर विचारायचा. या स्वभावापायी तो नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलच्या महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार झाला होता. कोणाकोणाच्या आईवडिलांना एअरपोर्टवरून आणून, स्वतःच्या घरी वरण-भात खाऊ घालून मग योग्य त्या पत्त्यावर पोचवत होता. मंडळाच्या नाटकात तर त्याने दोन वर्षं लागोपाठ हवालदार केला होता, तोही नाटकात काम करायची मुळीच इच्छा नसताना. हिमानीने, म्हणजे त्याच्या बायकोने, यावर बोलणं सोडून दिलं होतं. आता ती नुसती त्याच्याकडे बघायची.

त्यामुळे एप्रिलमधल्या एका शनिवारी शेजारच्या मिसेस हॅन्कॉक कुंपणापाशी येऊन "डेव्ह, एक लहानसं काम होतं रे," असं म्हणाल्या आणि देवदत्त हातातला पाण्याचा पाइप तसाच टाकून "हो, हो, सांगा की," म्हणाला, तेव्हा हिमानी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे नुसती बघत होती.

लोरेटा हॅन्कॉक ऐंशीला टेकल्या होत्या. त्यांचे यजमान वेन दोन वर्षांपूर्वी गेले. आता घर विकलं होतं, मेअखेर ते रिकामं करून द्यायचं होतं आणि त्या व्हर्जिनियात रोआनोकला बहिणीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. भांडी, सोफे, वेनच्या टोप्या, सगळ्याची विल्हेवाट लागली होती. राहिली होती फक्त गाडी.

"तू कंप्युटरवाला आहेस. तिची एक जाहिरात टाकून दे. बस्स, एवढंच."

अकरा वर्षं देवदत्त त्या गल्लीत राहत होता. एवढ्या वर्षांत कुठल्याही गोऱ्या शेजाऱ्याने त्याला 'कचऱ्याचा डबा रस्त्यावर राहिलाय' यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. आपल्यावर कुणी काही सोपवतंय या भावनेने त्याला आतून भरून आलं.

"फक्त एक अट आहे," मिसेस हॅन्कॉक म्हणाल्या. "डेल सोडून कोणालाही वीक."

"डेल कोण?"

"वेनचा भाऊ." एवढं बोलून त्यांनी ओठ असे मिटले की पुढे विचारायची सोयच राहिली नाही.

देवदत्तला तरी कुठे विचारायचं होतं! त्याच्या वडिलांनी आणि काकांनी मिरजेला एकाच घरात राहून, एका नळावरून अठरा वर्षं अबोला धरला होता. हा प्रकार फक्त आपल्याकडेच होतो अशी त्याची समजूत होती. अमेरिकेतही भाऊबंदकी असते हे कळल्यावर त्याला वाईट वाटायला हवं होतं. उलट, आज पहिल्यांदाच आपण या देशात नीट राहायला लागलो असं काहीसं त्याला वाटलं.

गॅरेजमध्ये जाऊन मिसेस हॅन्कॉकनी चादर ओढली. खाली पॉन्टिअ‍ॅक जीटीओ उभी होती. मॉडेल एकोणीसशे अडुसष्टचं, रंग शेवाळासारखा गडद हिरवा, दारं दोनच, आणि बॉनेट एवढं लांब की मंडळाच्या पंगतीतली एक ओळ त्यावर आरामात जेवायला बसली असती. पुढचे दिवे झाकणाआड लपलेले. चालू केले की पापण्या उघडाव्या तशी झाकणं वर जायची. उजवी पापणी झटकन उघडायची. डावी जरा विचार करून.

देवदत्तने आयुष्यात एक कॅमरी आणि एक सिएना व्हॅन घेतली होती. दोन्ही राखाडी.

*

जाहिरात त्याच संध्याकाळी टाकून होईल असा त्याचा अंदाज होता. पण जाहिरातीत काय लिहायचं यावरच आठवडा गेला.

त्याचा मित्र संग्राम पाटील जेवणाच्या सुटीत फोनवर म्हणाला, "'ऑल ओरिजिनल' असं ठोकून दे यार. मी माझी ॲकॉर्ड विकली तेव्हा काय लिहिलं होतं? 'लेडी ड्रिव्हन'. निम्मी ॲकॉर्ड मीच चालवली होती. आणि मस्टंगला गिऱ्हाईक काय, रांग लागेल."

"मस्टंग नाही रे. पॉन्टिअ‍ॅक आहे."

"तेच रे."

देवदत्तचा जन्म डेटाबेस सांभाळण्यात गेला होता. खोटी नोंद करायला त्याची बोटं वळत नसत. तो वही घेऊन मिसेस हॅन्कॉककडे गेला आणि गाडीत मूळचं काय नि बदललेलं काय, हे एकेक करून विचारत बसला. इंजिन मूळचं. सीटा मूळच्या. रेडिओ बदललेला, कारण वेनला बेसबॉलची कॉमेंट्री नीट ऐकू यायची नाही. रंग मूळचा, फक्त डावीकडचं पुढचं मडगार्ड पुन्हा रंगवलेलं.

"ते मी घासलं होतं. चर्चच्या खांबाला," मिसेस हॅन्कॉक म्हणाल्या. "वेनने लोकांना सांगितलं, हरीण आडवं आलं. मरेपर्यंत हरीणच सांगत राहिला. तू लिही, खांब होता आणि मी होते."

देवदत्तने तसंच लिहिलं. 'बरीचशी मूळ अवस्थेतली' असं म्हणून खाली गाडीचे सगळे दोष त्याने क्रमवार दिले, पापणीसकट. हिमानीने वाचून पाहिलं. "ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?" असं म्हणून ती कणीक मळायला गेली.

तरी फोन आले. पहिले पंचवीस-तीस जण 'गाडी आहे का अजून?' एवढंच विचारून, 'आहे' म्हटल्यावर कायमचे नाहीसे झाले. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून निमिष नावाचा एक मराठी मुलगा रोज फोन करू लागला. त्याला गाडी पसंत होती. इंजिन तेवढं काढून टाकून तिथे तो बॅटरी आणि मोटर बसवणार होता. "काका, बॉडी सॉलिड आहे, आतलं सगळं फेकून देऊ," तो उत्साहाने म्हणायचा. देवदत्त उजव्या हाताने फोन धरून डाव्या हाताने तो झाकायचा, जणू काही पलीकडे गॅरेजमध्ये ऐकू जाईल.

मग एक गृहस्थ प्रत्यक्ष आले. सोबत टॉर्च, आरसा आणि लोहचुंबक. ते पाऊण तास गाडीखाली होते. बाहेर आल्यावर त्यांनी हात पुसले, देवदत्तला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "ही गाडी तुझी आहे?"

"नाही. शेजारच्या बाईंची."

"मग तू कोण?"

वाक्य साधंच होतं. पण देवदत्त मनातल्या मनात यादी काढत बसला. तो कोण होता? खजिनदार होता, डेटाबेस आर्किटेक्ट होता, अमेरिकेचा रीतसर नागरिक होता. यातलं कुठलंच उत्तर त्या गॅरेजमध्ये बसत नव्हतं. "मी जाहिरात टाकली," तो शेवटी म्हणाला. गृहस्थांनी मान हलवली आणि फक्त दिवे आणि बंपर सुटे मिळतील का, असं विचारलं. सुटं काही मिळणार नाही, हे देवदत्तने इतक्या मोठ्याने सांगितलं की मिसेस हॅन्कॉक बाहेर आल्या.

*

खरी अडचण मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हती ती निघाली. गाडीला चार गीअर होते आणि ते हाताने टाकावे लागायचे.

एक तरुण जोडपं आलं. दोघं गाडीच्या प्रेमात पडले, दोघांनी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढले. चक्कर मारायची वेळ आली तेव्हा नवरा आत बसला, त्याने तीन पेडल पाहिली आणि बायकोकडे पाहिलं. बायकोने आकाशाकडे पाहिलं. दोघांनाही गीअरची गाडी येत नव्हती. पुढच्या दोघा-तिघांचीही तीच कथा. मिसेस हॅन्कॉकना यायची, पण त्यांच्या कंबरेने आता नकार दिला होता.

"तुला येते?" त्यांनी देवदत्तला विचारलं.

देवदत्त 'हो' म्हणाला. आणि या वेळी गंमत अशी, की ते खरं होतं. मिरजेच्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, जिचा हॉर्न वाजायचा नाही पण बाकी सगळं वाजायचं अशा फियाटवर तो गाडी शिकला होता. चढावर हॅन्डब्रेक न ओढता गाडी उभी ठेवल्याबद्दल तिथल्या सरांनी त्याची पाठ थोपटली होती. हे कौशल्य या देशात उपयोगी पडेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्याने क्लच दाबला. तो जिमच्या मशीनसारखा जड होता. पहिला गीअर पडला, दुसऱ्यात जाताना जराशी अडखळ झाली, आणि मग बॉनेटखालून असा काही आवाज निघाला की गल्लीतली सगळी कुत्री घरात पळाली. देवदत्तने कोपऱ्यापर्यंत नेऊन गाडी परत आणली. उतरला तेव्हा त्याचा चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा झाला होता.

"तुला फक्त जाहिरात टाकायची होती ना?" हिमानी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीचं, पत्र आलं. आवाजाबद्दल एक परिच्छेद, ड्राइव्हवेवर विक्रीची पाटी लावल्याबद्दल दुसरा. तिसऱ्यात दंडाची कल्पना दिली होती. पत्र देवदत्तच्या नावाने होतं. गाडी शेजारी, पाटी शेजारी, पण पत्र त्याला. त्याने ते नीट घडी करून कपाटात ठेवलं आणि दोन दिवस गल्लीत कुणाशी नजर मिळवली नाही.

पाटी लावता येत नाही म्हटल्यावर संग्रामने सुचवलं की मंडळाच्या पिकनिकला गाडी आण, तिथे पैसेवाले लोक येतात. पिकनिकला गाडीभोवती जी गर्दी जमली ती पाहून देवदत्तला वाटलं, आज काम होणार. मंडळाच्या अध्यक्षा वीणाताईंनी गाडीला हळदकुंकू लावून आपल्या सुनेला बॉनेटवर बसवून फोटो काढला. "ही मस्टंग गणपतीच्या मिरवणुकीला हवीच हं देवदत्त," त्या म्हणाल्या. एका डॉक्टरांनी बराच वेळ गंभीरपणे गाडी पाहिली, टायरला लाथ मारली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

देवदत्तने खरं ते सांगितलं. डॉक्टर थालीपीठ घ्यायला निघून गेले.

*

याच सुमारास कागदांचा प्रश्न उभा राहिला. गाडी वेनच्या नावावर. सरकारी कचेरीतल्या बाईंनी फॉर्म पाहून सांगितलं की मालकाची सही लागेल.

"मालक वारले आहेत."

"मग त्यांच्या वारसांनी कोर्टाचा कागद आणायचा."

तो आणला. त्यासाठी मिसेस हॅन्कॉकना घेऊन देवदत्तने दोनदा रजा टाकली. दुसऱ्या खेपेला त्याच बाईंनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं की कागदावर गाडीच्या नंबरात जिथे आठ आहे तिथे गाडीवर इंग्रजी 'बी' असावा असं त्यांना वाटतं. कुणीतरी फार वर्षांपूर्वी टाइप करताना चूक केली होती. त्यामुळे कागदावर जी गाडी होती ती जगात नव्हती, आणि गॅरेजमध्ये जी होती ती कागदावर नव्हती. गाडी इन्स्पेक्टरला समक्ष दाखवावी लागणार होती.

देवदत्त गाडी घेऊन निघाला आणि वाटेत पावसाची भुरभुर सुरू झाली. नॉर्थ कॅरोलिनात पावसात दिवे लावावे लागतात. त्याने लावले. उजवी पापणी उघडली. डावीने नेहमीप्रमाणे विचार सुरू केला आणि या वेळी तो संपवलाच नाही. एक डोळा मिटलेल्या अवस्थेत गाडी हायवेवर आली आणि मागे पोलिसांचे निळे दिवे लागले.

पोलिसाने खिडकीशी वाकून कागद मागितले. देवदत्तने दिले. गाडी कुणाची? मिस्टर हॅन्कॉकची. ते कुठे आहेत? वारले. पोलिसाने कागदावरचा नंबर पाहिला, मग काचेखालचा पाहिला, मग पुन्हा कागदावरचा. देवदत्तने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि ते तिथून हलवायचे नाहीत असा निश्चय केला होता. शेजारून गाड्या वेग कमी करून, माना वळवून जात होत्या. त्यात आपल्या ऑफिसातलं कुणी नसावं एवढीच तो प्रार्थना करत होता.

पोलिसाने मिसेस हॅन्कॉकना फोन लावला. त्या काय बोलल्या ते देवदत्तला ऐकू आलं नाही. पण त्या बराच वेळ बोलल्या, आणि पोलीस सारखा "येस मॅम, येस मॅम" म्हणत सरळ उभा राहत गेला. फोन ठेवून त्याने कागद परत दिले.

"त्या म्हणतात, तू त्यांच्या घरचा माणूस आहेस."

मग त्याने समोर जाऊन डाव्या दिव्याच्या झाकणावर पंजाने हलकेच थाप मारली. पापणी उघडली. उरलेल्या वाटेवर देवदत्तला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता, आणि त्याला कारण पाऊस नव्हता.

*

घर सोडायला थोडेच दिवस उरले असताना बडीचा मेसेज आला. बडी एवढंच नाव. भाषा जुन्या वळणाची, प्रत्येक वाक्याला 'सर'. त्याने किमतीत घासाघीस केली नाही, फोटो मागितले नाहीत. एकच विचारलं, दुसऱ्या गीअरमध्ये जाताना गाडी अजून जराशी अडखळते का?

हा माणूस गाडीतला दर्दी असणार, देवदत्तने ताडलं. "अडखळते," त्याने कळवलं. "मग ठीक आहे," बडीने लिहिलं. शनिवारी येतो म्हणाला.

त्याच शनिवारी मिसेस हॅन्कॉक रोआनोकला निघणार होत्या. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी गेला होता. त्यांना स्वतःला टिपणिसांच्या सिएनातून पोचवायचं ठरलं होतं, कारण तेही देवदत्तला कुणीतरी विचारलं होतं. हिमानीने तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घेतल्या होत्या.

दहाच्या सुमाराला एका पिकअपमधून एक म्हातारे गृहस्थ उतरले. आणून सोडणारा लगेच निघून गेला. उंच, वाळका देह, हातात काठी, इस्त्रीचा शर्ट. देवदत्तने पुढे होऊन हात मिळवला, "वेलकम, बडी," म्हणाला आणि मोठ्या अभिमानाने मिसेस हॅन्कॉकना हाक मारली. त्या दारात आल्या.

"डेल," त्या म्हणाल्या.

दार बंद झालं. जोरात आपटलं असतं तरी बरं, पण ते अगदी हळू लागलं.

देवदत्त गर्रकन वळला. "तुमचं नाव बडी ना?"

"लहानपणापासून सगळे बडीच म्हणतात," म्हातारा म्हणाला. "डेल मला फक्त तीच म्हणते." जरा थांबून त्याने खाली बघत म्हटलं, "खरं नाव सांगितलं असतं तर तू मला येऊ दिलं असतंस का?"

देवदत्त मागच्या दाराने आत गेला. रिकाम्या स्वयंपाकघरात मिसेस हॅन्कॉक ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मी तुला एकच गोष्ट सांगितली होती, डेव्ह. एकच."

"मी त्यांना परत पाठवतो. आत्ता."

"वेन सहा आठवडे हॉस्पिटलात होता. दार वाजलं की विचारायचा, बडी आला का? हा आला नाही. आला तो थेट पुरायच्या दिवशी. आणि माझ्याजवळ येऊन काय म्हणाला? 'गाडीचं काय करणार आहेस?'" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी नवऱ्याला माती देऊन पाच मिनिटं झाली नव्हती."

देवदत्त बाहेर आला. तोवर डेल गाडीत जाऊन बसला होता आणि गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होता. इंजिन लागलं, गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा लागलं, पुन्हा उडी, पुन्हा बंद. त्याचा डावा गुडघा क्लचला पुरत नव्हता. तिसऱ्यांदा गाडी बंद पडल्यावर त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तो समोर बघत बसून राहिला.

घराचं दार उघडलं.

"डेव्ह," मिसेस हॅन्कॉक पायरीवरून म्हणाल्या, "त्याला सांग, क्लच जाळतो आहेस."

डेल दोन हातांवर होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तरी देवदत्त खिडकीशी वाकून म्हणाला, "त्या म्हणतात, क्लच जळतोय."

"तिला सांग, मला माहीत आहे."

"त्यांना माहीत आहे," देवदत्तने सांगितलं.

"जी चालवता येत नाही ती गाडी घेऊन काय करणार, विचार. चादर टाकून ठेवणार?"

"तिला सांग, नात चालवेल. ती ट्रॅक्टरवर शिकली आहे."

मिसेस हॅन्कॉकनी ड्राइव्हवेकडे पाहिलं, मग देवदत्तकडे. "दुसरे कोण होते?"

एक दिवे आणि बंपर मागत होता, दुसरा आतलं सगळं फेकून देणार होता. देवदत्तने ते सांगितलं. खरं तेच सांगायची त्याची खोड होती.

"कागद आण," त्या म्हणाल्या.

बँकेत नोटरीसमोर त्यांनी नंबर दुरुस्त होऊन आलेल्या कागदावर सही केली आणि तो देवदत्तकडे सरकवला. देवदत्तने तो डेलकडे सरकवला. नोटरीबाई तिघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. डेलचं गाव रोआनोकच्या पलीकडे तासाभरावर होतं आणि गाडी चालवू शकणारा माणूस तिथे एकच उभा होता. कुणी विचारायच्या आत देवदत्त 'हो' म्हणाला.

घरी परतल्यावर मिसेस हॅन्कॉकनी आपली बॅग सिएनात ठेवली. हिमानीने त्यांच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं होतं. त्या क्षणभर तिथे उभ्या राहिल्या, मग वळून जीटीओपाशी आल्या. "ही वेनची गाडी आहे," त्यांनी देवदत्तला सांगितलं. "मी व्हॅनमधून तिच्या मागे मागे येणार नाही." दोनच दारं असल्यामुळे पुढे बसलेल्या डेलला काठी टेकत उतरावं लागलं, सीट पुढे पाडावी लागली आणि एकही शब्द न बोलता त्यांना मागे बसू द्यावं लागलं. हे सगळं व्हायला इतका वेळ लागला की समोरच्या घरातला माणूस गवत कापायचा थांबून बघू लागला.

आणि ते निघाले. मागून सिएना.

ग्रीन्सबरो गेलं. नंतर जे बोलणं झालं ते सगळं देवदत्तमार्फत.

"डेव्ह, त्याला सांग, काच वर कर."

"त्या म्हणतात, काच वर करा."

"तिला सांग, ही काच अडकते. वेनला शंभरदा सांगितलं होतं."

"काच अडकते म्हणतात. वेनना सांगितलं होतं."

"वेनला काय सांगितलं होतं ते मला नको सांगू म्हणावं."

इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर करायची देवदत्तची ही पहिलीच वेळ. सुरुवातीला तो शब्दन्‌शब्द पोचवत होता. पुढे पुढे तो कडेकोपरे घासून, जरा मऊ करून वाक्यं पुढे देऊ लागला. मिरजेला दहा वर्षांचा असल्यापासून वडील आणि काका यांच्यामध्ये त्याने हेच केलं होतं. पाणी सोडा म्हणावं. सोडलंय म्हणावं. हात स्टिअरिंगवर होते, पण मानेला अजून ती सवय होती. डावीकडे, उजवीकडे.

मार्टिन्सव्हिलनंतर डोंगर दिसू लागले. देवदत्तला वाटलं, मागे मिसेस हॅन्कॉकचा डोळा लागला असेल.

"डेव्ह," मागून आवाज आला. "त्याला विचार, हॉस्पिटलात का आला नाही."

देवदत्तने डेलकडे पाहिलं. हे कुठल्या बाजूने घासून मऊ करायचं ते त्याला सुचेना. डेल खिडकीबाहेर बघत होता.

"तिला सांग," तो म्हणाला, "मी आलो होतो. जवळच्या मोटेलात राहून रोज यायचो. खाली पार्किंगमध्ये बसून राहायचो. लिफ्टपर्यंत गेलोसुद्धा एकदा. वर जाऊन त्याला तसं बघायचं मला झालं नाही." त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आणि त्या दिवशी मी तिच्यासमोर उभा होतो आणि मला एक शब्द सुचत नव्हता. गाडीचं विचारलं. दुसरं काही तोंडातून निघालंच नाही."

आता हे मागे सांगायचं होतं. देवदत्तने तोंड उघडलं. "ते म्हणतात..." एवढंच त्याला जमलं. एक ट्रक शेजारून गेला. त्याने पुन्हा प्रयत्न केला, "ते म्हणतात, ते..." आणि पुन्हा थांबला. मान वळवायची त्याची हिंमत झाली नाही.

"कुठल्या पार्किंगमध्ये?" मिसेस हॅन्कॉकनी विचारलं.

त्यांनी 'डेव्ह' म्हटलं नव्हतं.

"मागच्या," डेल म्हणाला. "लॉन्ड्रीच्या बाजूला."

"तिथे तर एक झाडसुद्धा नाही."

"नाही."

"जुलै होता, डेल."

"हो."

"वेनच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला होती," त्या म्हणाल्या. पुढे त्या काय म्हणाल्या आणि डेल काय म्हणाला, ते देवदत्तने ऐकलं नाही, म्हणजे ऐकायचं नाही असं ठरवलं. त्याला आता कुणी काही सांगायला सांगत नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो अगदी सरळ समोर बघत राहिला.

रोआनोकची पाटी आली. एक्झिट आली. ती उजव्या हाताने हळूहळू मागे गेली.

फोन वाजला. हिमानी होती. "अरे, एक्झिट सोडलीस! कुठे चाललायस?"

देवदत्तने आवाज लहान केला.

"माहीत आहे," तो मराठीत म्हणाला. "तू ये मागून. जरा सरळच जाऊ."